ताडपत्रीखालचं खळं

मागल्या कार्तिकात सुगंधाने खळं सारवलं आणि मार्गशीर्षात ती गेली. सुगंधा माझी बायको. खळं म्हणजे आमच्या घरासमोरचं अंगण, मधोमध तुळस. आमच्याकडे पाऊस संपला की ते दरवर्षी नव्याने करतात. माती घालून धोपटायचं काम पुरुषाचं, शेणाने सारवायचं काम बाईचं. तेहेतीस वर्षं मी धोपटलं आणि तिने सारवलं.

यंदा मे महिन्यात मी कुडाळला जाऊन दोन निळ्या ताडपत्र्या आणल्या. पावसाआधी खळ्यावरचा मांडव काढतात, तो मी काढला नाही. एक ताडपत्री मांडवावर बांधली, भोवती चर मारला आणि दुसरी ताडपत्री खळ्यावर अंथरली. येणाऱ्याजाणाऱ्याने कडेच्या चिऱ्यांवरून चालायचं, असं सांगून ठेवलं. विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाने विचारलं, खाली काय सुकत घातलंय? मी म्हटलं, कुळीथ.

शेजारचा धोंडू मधल्या दगडी गडग्यापलीकडून ऐकत होता. माणूस गेल्यावर म्हणाला, "जुलयात कुळीथ?"

"होय."

"बरो पिकलो मगे."

धोंडूला एखादी गोष्ट कळली की तिठ्यावर ती आपल्या आधी पोचते. ही पोचली नाही.

ताडपत्रीखाली कुळीथ नव्हते. सारवताना हात अर्धगोल फिरतो आणि शेणात बोटांच्या रेघा उठतात. एकाला लागून दुसरा, अशा अर्धगोलांच्या ओळी होतात. कोणाच्याही खळ्यात त्या दिसतात. या सुगंधाच्या हाताच्या होत्या.

पाऊस गेला. धोंडूने खळं केलं, वाडीत सगळ्यांनी केलं. मी केलं नाही. मग वर्षश्राद्धाची तिथी जवळ आली. भटजींनी फोनवर सांगितलं, खळं सारवून ठेवा, वर्षाच्या सारवणावर मी बसणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. तिचं श्राद्ध करायचं तर तिचा हात पुसावा लागणार होता.

आठ दिवस राहिले तेव्हा अपेक्षा रजा टाकून आली. अपेक्षा आमची मुलगी. ती हायस्कुलात ड्रॉइंग शिकवते आणि मुलांना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवते.

"बाबानू, ताडपत्री काढूया," ती म्हणाली.

"उद्या."

"फोनवर पण तुमी उद्याच म्हणतास."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच ती काढली. वरची पण काढली. खाली वाळवीची एक रेघ सोडली तर सगळं जागेवर होतं. पण दिसत काही नव्हतं. नुसती करडी जमीन. मला वाटलं, मी इतके महिने जमीनच झाकून ठेवली होती.

"आता दिसाचा नाय," अपेक्षा म्हणाली. "पोत बघूक उजेड आडवो होयो. सकाळी बघूया."

सकाळी काजूच्या झाडांमागून ऊन तिरपं आलं आणि सगळे अर्धगोल वर आले. आम्ही दोघं चिऱ्यांवर उभे राहून बघत होतो. अपेक्षाने ते मला शाळेतल्यासारखं सांगितलं. चित्र कशाकशाचं होतं, तर रेषा, आकार, रंग, पोत आणि मधली मोकळी जागा. ती सगळी मांडायची कशी, त्याचेही नियम असतात. एक रेषा पुन्हा पुन्हा तशीच आली की लय होते.

"वर्गात मी फळ्यार लाटा काढून दाखवतंय," ती म्हणाली. "दाखवूचा ता हय घराकडेच होता."

"ती लय नाय. तिचो खांदो दुखायचो. हात तेवढोच फिरायचो."

"तीच लय, बाबा."

"बरा."

ती पुढे वाकली. "तुळशीकडे बघा, आकार लहान केलो हा. लहान लहान करत नेल्यान, म्हणान नजर तुळशीर जाता."

"थंय गुडघो टेकूक जागा नाय."

अपेक्षा माझ्याकडे बघून हसली. तिच्या आईच्या माघारी मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. मग ती हसायची थांबली, कारण तिला पंजा दिसला.

तुळशीच्या कट्ट्याला लागून अर्धगोलांची ओळ तुटली होती. तिथे अख्खा पंजा उमटला होता, पाचही बोटं, तळव्याशी खोल.

"बाकी सगळा सारख्या असला की चित्रात एक जागा येगळी लागता," अपेक्षा म्हणाली. "नजर थंयच जावन थांबता. पण आईन ह्या मुद्दाम कशाक केला?"

मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. सुगंधा सारवत होती आणि मी पायरीवर बसून चहासाठी हाक मारली. ती हात टेकून उठली, हात धुऊन आली, मला चहा दिला आणि परत जाऊन बसली. पुढचं सारवलं, पण पंजा तसाच राहिला.

"चाय चुलीर होती?"

"थर्मासात."

"थर्मास खंय होतो?"

"माझ्या फुड्यात."

"तुमका दिसूक नाय?"

"दिसलो. माका तिना ओतलेली होयी होती."

अपेक्षाने पुन्हा पंज्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्याचे मार्क कोण कापूचो नाय."

तिने फोनवर पुष्कळ फोटो काढले. मी बघितले. फोटोत ते फोटोसारखं दिसत होतं.

श्राद्धाच्या दिवशी ती म्हणाली, मी सारवतंय. मी म्हटलं, मी सारवतलंय. ती वाद न घालता स्वयंपाकाला लागली. भटजी दहाला यायचे होते. धोंडूच्या गोठ्यातून दोन घमेली शेण आणून मी सहा वाजता बसलो.

सुगंधा तुळशीपासून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत शेवटी पायरीशी यायची. हे मला पाठ होतं. पण तुळशीकडे पंजा होता. तो शेवटी बघू, असं ठरवून मी कडेने सुरुवात केली. बाहेरून फिरत फिरत आत येत गेलो. सुगंधाचा हात फिरायचा तसा माझा फिरत नव्हता. कुठे जाड, कुठे पातळ, आणि एका जागी मी तेच दोनदा केलं. तिच्या रेघा माझ्या हाताखाली जात होत्या. मी बघत होतो आणि सारवत होतो.

नऊ वाजता धोंडू गडग्यावर येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्याने नुसतं बघितलं.

"मेल्या, भायर कसो येतलंस?"

मी मान वर केली. चारी बाजूंना ओलं होतं. मी तुळशीपाशी होतो.

"सुकल्यार."

"भटजी धाक येतले."

"येवंदेत."

"अवंदा तुझ्याकडे तुळशीचा लगीन जावक नाय, ता माका म्हायत आसा," धोंडू म्हणाला. "म्हणान नवरोच जावन बसलंस?"

हे ऐकून अपेक्षा पळी घेऊन दारात आली. तिने खळं बघितलं, मला बघितलं. सारवायची राहिलेली जागा आता सुपाएवढी होती आणि तिच्यात पंजा होता. माझा पाय त्याच्या शेजारी होता. मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलो आणि पाय वर घेतले. घमेल्यात एक ओंजळ शेण उरलं होतं. ते सोडलं असतं तर भटजींना कळलंही नसतं, कट्ट्याच्या मागची बाजू होती ती. अपेक्षा कर असं म्हणाली नाही आणि नको असंही म्हणाली नाही.

मी वाकून पंज्यावर हात ठेवला. माझी बोटं तिच्या बोटांपेक्षा एका पेराने पुढे गेली. तेहेतीस वर्षांत हे मी कधी मोजून बघितलं नव्हतं. हात तिथे जरा वेळ राहिला. मग मी शेण घेतलं आणि हात फिरवला.

दहाला भटजी आले. ते चिऱ्यांवर उभे राहिले. यजमान कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. धोंडूने बोट दाखवलं. भटजींनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळ बघितलं आणि पायरीच्या बाजूला जाऊन बसले. अपेक्षाने त्यांना थर्मासातून चहा दिला, धोंडूला दिला. मग माझ्याकडे वळली.

"बाबानू, तुमका होयी?"

"होयी."

"थर्मास हय पायरीर ठेवतंय. तुमी येवन ओतून घेवा."

"बरा."

ऊन वर आलं होतं. कट्ट्यावरून मी खळं बघितलं. माझ्या रेघा अजून ओल्या होत्या, म्हणून नीट दिसत होत्या. एकही दुसरीसारखी नव्हती. धोंडूने चहा पिता पिता विचारलं, "गो अपेक्षा, ह्येका किती मार्क देतलंस?"

"सुकांदे," ती म्हणाली.

साडेअकराला सुकलं. मी उतरलो, चालत पायरीशी गेलो, हात धुतले आणि चहा ओतून घेतला. अजून गरम होता. कप धुतला, आंघोळ केली आणि श्राद्धाला बसलो.