विद्यार्थिनी क्रमांक एक

घरात तिला सगळे ससुली म्हणत. पान हललं तरी दचकायची, म्हणून. विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा घड्याळं दुरुस्त करणारे तिचे बाबा दुकानात येईल त्याला ही बातमी सांगत सुटले. शाळेत शिकवणारी आई मात्र म्हणाली, "ही तिथे कुणाकडे पाणी तरी मागेल का?"

आईचं फारसं चुकलं नाही. पहिल्याच दिवशी हजेरीला ससुलीचा आवाज घशात अडकला. सरांनी दोनदा नंबर पुकारला आणि फुली मारली. दुसऱ्या दिवशी तेच. मग, काल बोलले नाही तर आज कोणत्या तोंडाने बोलू, म्हणून तिसऱ्या दिवशीही तेच. दाराजवळच्या बाकावर रोज वेळेवर बसून ही बाई तीन आठवडे गैरहजर राहिली. वसतिगृहाच्या जेवणघरात तर त्याहून वाईट. ताट घेऊन कुठे टेकायचं, हे तिला शेवटपर्यंत ठरवता येईना. मग ती उपाशीच खोलीवर परत यायची.

खोलीत तिच्याबरोबर तिसऱ्या वर्षाची, मानसशास्त्र शिकणारी एक मुलगी होती. ससुली तिला ताई म्हणायची. त्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी ताईने तिच्या हाताला धरून तिला जेवणघरात नेलं आणि स्वतःसमोर बसवलं. "मी बडबडते. तू नुसती मान हलव. जमेल ना?" जमलं. पुढच्या आठवड्यात ताईने तिला हजेरीवाल्या सरांच्या खोलीपर्यंत नेलं आणि दारातून चक्क आत ढकललं. सर हसले, फुल्या खोडल्या. त्या दिवशी ससुलीला वाटलं, देवाकडून आपल्याला थोरली बहीण द्यायची राहिली होती, ती आता त्याने पोस्टाने पाठवली.

रोज संध्याकाळी दोघी खिडकीशी बसत. ताई विचारायची, ससुली सांगायची. हळूहळू कुणालाही न सांगितलेलंही सांगून झालं. सातवीत वर्गापुढे कविता म्हणताना भीतीने तिचे कपडे ओले झाले होते. पोरं खिदळत होती. आई त्याच शाळेत होती, तेव्हा नेमकी दारावरून चालली होती. तिने आत पाहिलं, दोघींची नजरानजर झाली, आणि आई पुढे निघून गेली.

"आईचं हे कुणाला बोलू नकोस हं, ताई."

"वेडी आहेस का? माझ्या पोटातलं ओठांवर येत नाही."

वर्ष संपत आलं तेव्हा मानसशास्त्र विभागात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरलं. ताईचाही प्रकल्प होता. "तू नको येऊस गं, उगाच गर्दीत घाबरशील," ताई म्हणाली. पण ससुलीने ठरवलं, आपल्या माणसासाठी एवढं तरी करायचं. ठेवणीतले कपडे इस्त्री करून ती आपण होऊन त्या गर्दीत शिरली.

ताईच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'नवविद्यार्थिनींमधील भीती'. खाली 'विद्यार्थिनी क्रमांक एक'. हजर असून गैरहजर. ताट घेऊन परत जाते. दोन मुलं ते वाचून फिदीफिदी हसत होती. "कोण असेल रे हे ध्यान?" ससुलीची नजर खाली सरकली. 'इयत्ता सातवी. आईने पाहूनही दुर्लक्ष केले. हेच मूळ कारण असावे.'

विभागाच्या बाई समोर उभ्या राहून ताईला शाबासकी देत होत्या, तेवढ्यात बाईंच्या मागून आवाज आला, "तुम्ही तिला विचारलं होतं का?"

तो आवाज आपलाच आहे, हे ससुलीला उशिरा कळलं. ताईला ती पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाली होती.

ताईचा चेहरा उतरला. "नाव... नाव कुठेच दिलेलं नाही."

"ते नाही विचारलं मी."

"संमतीपत्र आहे ना?" बाईंनी विचारलं. ताईने फायलीतून कागद काढला. सही ससुलीची होती, अगदी खरी. जेवणघराचा अर्ज आहे, कर इथे सही, असं म्हणून ताईने ती घेतली होती आणि ससुलीने न वाचता केली होती. पण तिची नजर तारखेवर खिळली. ताईने हाताला धरून जेवायला नेलं, त्या रविवारच्या आदल्या दिवशीची तारीख होती.

"सही माझी आहे," ससुली म्हणाली. "पण मला हा जेवणघराचा अर्ज म्हणून दिला होता." मघाशी हसणारी मुलं वळून तिच्याकडे बघू लागली. ते ध्यान कोण, हे आता सगळ्यांनाच कळलं होतं.

बाईंनी तक्ता तिथल्या तिथे उतरवला. ताईचा प्रकल्प रद्द झाला आणि तो विषय पुन्हा द्यावा लागणार असं ठरलं. वसतिगृहातल्या मुली ससुलीलाच बोल लावू लागल्या. जिने एवढं केलं तिच्यावरच उलटली म्हणे, आणि तेही नाव नसताना.

ससुलीने खोली बदलून घेतली. ती सामान बांधत असताना ताई दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजले होते.

"सुरुवातीला प्रकल्पच होता गं. पण नंतर माझा खरंच जीव जडला तुझ्यावर. शपथ."

ससुलीला ते खरं वाटावं असं फार वाटत होतं. पिशवीची गाठ मारता मारता तिने विचारलं, "मग जीव जडल्यावर तो कागद का नाही फाडलास?"

ताई दारातूनच मागे वळली आणि निघून गेली.

ससुली पास झाली, गुणही बरे पडले. निकालाच्या दिवशी आईचा फोन आला. आई खुशीत होती. "तुझी ती ताई म्हणजे देवमाणूस बाई. सुट्टीत तिलाही घेऊन ये घरी. कधीपासून भेटायचंय मला."

"तिला नाही जमणार."

"का गं? भांडलात की काय?"

काय झालं ते सांगायचं, तर तक्त्यावर काय लिहिलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते आईलाच सांगावं लागलं असतं.

"नाही गं," ती म्हणाली. "तिची परीक्षा राहिलीय."