फुगलेले गाल

मित्रांनो, मी पितळेची शिट्टी, आता बरीच जुनी झाले आहे. मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या पोटात बुचाचा एक गोळा घातला. तो नाचू लागला की माझा आवाज तीन गल्ल्यांपलीकडे जातो. या आवाजाचा मला फार तोरा होता.

मी एका कारखान्याच्या मुकादमाच्या गळ्यात आले. तिथे उंचावरची क्रेन लोखंडी तुळया उचलून नेते. मी वाजले की क्रेनने जागच्या जागी थांबायचे, असा नियम होता. खालच्या माणसांचा जीव माझ्या भरवशावर असे.

क्रेनवाल्याला सगळे 'घुम्या' म्हणत. हाक मारली तरी तो ओ देत नसे. जेवायलाही एकटाच बसे.

"शिष्ट आहे लेकाचा!" मुकादम म्हणे. मग वर बघून ओरडे, "बहिरा झालास का रे?" सगळे खो खो हसत. मीही मनातल्या मनात हसत असे.

एकदा माझ्या पोटात लोखंडाचा कीस गेला आणि गोळा अडकला. मुकादमाने गाल फुगवून जोरात फुंकले. माझ्यातून हूं की चूं निघाले नाही. तरी क्रेन तत्काळ थांबली.

"बघा, कसा टरकून असतो मला!" मुकादम म्हणाला. त्याने मला आपटून साफ केले आणि तो ते विसरून गेला. मला मात्र धडकी भरली. घुम्याने मला ऐकले नव्हते. तो मुकादमाचे गाल पाहत होता.

मग थंडी पडली. मुकादम तोंडाला मफलर गुंडाळून येऊ लागला आणि मला आतूनच फुंकू लागला. त्याच्या जबड्याखाली एक गाठ आली होती. ती त्याने घरीही कोणाला दाखवली नव्हती. कारखान्यात ती फक्त मला ठाऊक होती.

मफलरच्या पहिल्याच दिवशी तुळई खाली येत होती आणि तिच्याखाली वेल्डर वाकून काम करत होता. मुकादमाने मला फुंकले. शिट्टी वाजली म्हणजे क्रेन थांबणारच, या भरवशावर वेल्डरने मानही वर केली नाही. तुळई येतच होती. मुकादमाने पुन्हा फुंकले, जीव खाऊन फुंकले. शेवटी त्याने मफलर ओरबाडून फेकला आणि गाल फुगवले.

तुळई वेल्डरच्या पाठीपासून वीतभर अंतरावर थांबली.

घुम्या खाली उतरला. मुकादम त्याच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणाला, "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

"दोन वर्षं झाली," ओठ बघत घुम्या म्हणाला. "साहेबांना कळलं तर काढून टाकतील. घरी आई अंथरुणाला खिळलीय, मुकादम." मग त्याची नजर गाठीवर गेली. "आणि हे काय?"

"भीती वाटते रे डॉक्टरकडे जायची." मुकादमाने मफलर उचलला. "तुझं मी कोणाला सांगत नाही. माझं तू सांगू नकोस."

त्यापुढे मुकादम गाल उघडे ठेवू लागला. दोघांना वाटले, आपण एकमेकांना सांभाळून घेतले. माझ्या पोटातला गोळा मात्र थरथरत राहिला.

महिन्याभरात मुकादमाला दवाखान्यात हलवले. तो परत आला नाही. त्याने शब्द पाळला, कोणाला काही सांगितले नाही.

आता मी नव्या मुकादमाच्या गळ्यात आहे. माणूस चांगला आहे, पण धुळीने त्याला खोकला येतो. म्हणून आज त्याने एक मोठा रुमाल आणला आहे. उद्यापासून तो नाकातोंडावर बांधणार आहे. "हा वरचा फार माजलेला दिसतो," असे तोही म्हणू लागला आहे.

मित्रांनो, एवढा मोठा आवाज असून मला एक शब्द बोलता येत नाही. तुम्हाला येतो. कोणी ओ देत नसेल तर हसू नका, जवळ जाऊन विचारा. आणि कळले तर गप्प बसू नका, त्याला मदत मिळेल असे काहीतरी करा.

उद्या सकाळी आठ वाजता क्रेन सुरू होईल. वेल्डर माझ्या भरवशावर मान खाली घालून कामाला बसेल.