आईचा कप

कडू पाल्याचा गुण ताईला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. प्रयोगशाळेत ती रोज तेच पाहत होती. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराच्या राखणदार, प्लेटमधल्या लहानशा खळग्यांत ठेवायच्या, त्यांच्यावर विष घालायचं आणि पाल्याचा अर्क त्यांना वाचवतो का ते बघायचं. थेंबभर अर्काने पेशी तगत. हात जरा सैल सुटला की तोच अर्क त्यांचा जीव घेई. अति तिथे माती, असं ताई नव्या लोकांना हसत सांगायची. सांगणाऱ्याने स्वतःही ऐकावं असा काही नियम नाही.

घरी बाल्कनीत त्याच पाल्याचं झुडूप होतं, आईने लावलेलं. आई आजारी पडल्यापासून रोज सकाळी दोघींचा काढा व्हायचा. आई तो एका दमात संपवायची आणि लेकीचं वाकडं तोंड बघून हसायची. मग आई गेली. दुसऱ्या सकाळी ताईने सवयीने पातेलं चढवलं आणि दोन कप भरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. आईच्या राज्यात काही टाकायची सोय नव्हती. "पोटात गेलं तर कामी येईल, मोरीत गेलं तर काय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. ताईने तोही कप पिऊन टाकला, आणि मग रोजच पिऊ लागली. एकाच कपाचा काढा करणं तिला जमत नव्हतं असं नाही, तिला ते जमवायचंच नव्हतं. त्या घरात दुसऱ्या माणसासाठी होणारं तेवढं एकच काम उरलं होतं. बाकी दिवसभर भिंती तिच्याकडे बघायच्या आणि ती भिंतींकडे.

प्रयोगासाठी रक्त देणारा शिपाई नोकरी सोडून गेला, तेव्हा ताईनेच बाही वर केली. काही औषध चालू आहे का, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी रीतीप्रमाणे विचारलं. ती नाही म्हणाली. खोटं बोलली असंही नाही, कारण काढ्याला त्या घरात कोणी औषध म्हटलंच नव्हतं. पण याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्यानंतर पेशी मरू लागल्या. विष दिलेल्या मेल्या असत्या तर समजण्यासारखं होतं, पण ज्यांना विष नाही की अर्क नाही, अशा साध्या खळग्यांतल्याही माना टाकू लागल्या. उबेची पेटी तपासली, पेशींचं खाद्य बदललं, काचसामान पुन्हा उकळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी वैतागून सरांनी स्वतःचं रक्त काढलं आणि तिच्या पेशींशेजारी आपल्या ठेवल्या. दोन दिवसांनी ताईने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. सरांच्या पेशी टवटवीत होत्या, तिच्या बहुतेक मेलेल्या. खुर्चीवरून उठायचं तिला सुचेना.

सरांनी लगेच तिचं रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशी असायला हव्यात त्याच्या निम्म्याही नव्हत्या. असंच चाललं तर साधा तापही महागात पडेल, हे तिला सांगावं लागलं नाही. सरांनी दार लोटून घेतलं.

"ताई, औषध नाही म्हणालात. दुसरं काही पिता?"

"काढा पिते. याच पाल्याचा."

"किती?"

"दोन कप."

सर तिच्याकडे बघतच राहिले. "रोज या प्लेटी बघता तुम्ही. दोन कशाला?"

ताईने टेबलावरचा कापसाचा बोळा उचलून परत ठेवला. "एक आईचा असतो," ती म्हणाली.

सर आईच्या अंत्यविधीला आले होते. ते म्हणाले, "दोन्ही बंद करा, ताई. आईंनाही हेच वाटलं असतं."

तिला त्यांचा राग आला. आईला काय वाटलं असतं हे सांगायला हे कोण? आणि सर बरोबर बोलत होते याचा राग त्याहून जास्त आला.

सकाळी तिने पाला खुडला नाही. तरी हात ऐकेना, पातेल्यात पाणी दोघींचंच पडलं. तिने ते नुसतंच उकळलं आणि दोन कपांत ओतलं. आपला कप ती सावकाश प्यायली. पाण्याला काहीच चव नव्हती, तोंड वाकडं करायला कारण नव्हतं आणि ते बघून हसायला माणूस नव्हतं. आईचा कप समोर निवत राहिला. नुसतं पाणीच ते, प्यायली असती तरी काही बिघडत नव्हतं. हे ठाऊक असल्यामुळेच ती उठायला वेळ लावत होती.

मग तिने कप उचलला आणि मोरीपाशी गेली.

"आई," ती म्हणाली, "आज टाकते गं."