साप नसलेला गरुड

मी एक चांदीचा पेसो आहे, आणि माझ्या गरुडाला साप नाही.

माझ्या सगळ्या भावंडांच्या अंगावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे, चोचीत साप धरलेला. माझा गरुड चोच उघडून उपाशीच बसलाय. टांकसाळीत माझ्यावर घाव पडला तेव्हा ठशाच्या खाचेत वंगण साचलं होतं. साप उमटलाच नाही. तपासणाऱ्याने बहुधा त्याच क्षणी जांभई दिली आणि मी पोत्यात पडलो. यात माझा दोष काय? जन्मभर विचारतोय, उत्तर दरवेळी वेगळंच मिळतं.

बाजारात मला खोटा म्हणून परत करायचे. शेवटी पुएब्ला शहरातल्या एका कुंभाराने ठेवून घेतलं, स्वतःच्या लग्नासाठी. आमच्याकडे नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो. वर्षाच्या बारा महिन्यांची बारा, तेरावं गरिबाच्या आठवणीचं. "उपाशी गरुड गरिबाचाच," तो म्हणाला, आणि मी तेरावा झालो.

त्याची नवरी कूका आता आजी आहे. घरातल्या प्रत्येक लग्नाआधी तिने आम्हाला लिंबू-मिठाने लख्ख घासलं. काळी नाणी नवरीच्या हातात? अपशकुनच! तिचा अंगठा अंगावरून फिरला की मला बरं वाटायचं.

यंदा नात हासिंताचं लग्न ठरलं. तिला सासूच्या मडक्यांच्या कारखान्यात राबायचं नव्हतं, भांडी भाजायला स्वतःची भट्टी हवी होती. तिच्या बापाने, एरिबेर्तोने, कुठेसं ऐकलं की चुकलेल्या नाण्यांना मोठा भाव येतो.

"आई, तेरावा विकू. पोरीची भट्टी होईल."

"आणि ओंजळीत तेरावं काय, तुझं डोकं टाकू?"

"टाक आजी," हासिंता म्हणाली, "पोकळ आहे, छान वाजेल."

रविवारच्या बाजारात नाणेवाल्या एव्हारिस्तोने मला भिंगाखाली धरलं. "टांकसाळीतली अस्सल चूक! याला संग्राहक रांग लावतील." मग त्याने मला उजेडाकडे तिरकं केलं आणि त्याचं तोंड उतरलं. "हे घासलं कोणी?"

"मी!" कूका ऐटीत म्हणाली. "दर लग्नाला."

"अहो बाई, नशीब घासून टाकलंत! नाण्यांची प्रत ठरवणारे तज्ज्ञ याला आता प्रतच देणार नाहीत. डबीत घालून वर लिहितील, 'घासलेलं'. हे ओरखडे बघून तर म्हणतील, साप होता, कोणीतरी खरवडून काढला."

"मी साप खरवडला? मी? माझ्या लग्नात हा बिनसापाचा पेसो बघून सासू किंचाळली होती!"

"सासूची साक्ष चालत नाही, बाई."

त्याने जो भाव सांगितला, त्यात भट्टीचं दार आलं असतं. नुसतं दार.

"दार कशाला लावू काका, अंगणाला?" म्हणत हासिंताने मला उचललं.

तेव्हापासून माझं डोकं भणभणतंय. साप नाही म्हणून बाजाराने मला हाकललं, आणि साप नाही म्हणूनच संग्राहक रांग लावणार होते. टांकसाळीचा निष्काळजीपणा मौल्यवान, आणि आजीची काळजी गुन्हा! हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला सुळी!

आज शनिवार, लग्नाची सकाळ. बारा नाणी चकाकताहेत. कूकाच्या एका हातात मी, दुसऱ्यात लिंबाची फोड. अंगठा थांबलाय.

"याच अंगठ्याने तुझी भट्टी गेली गं," ती म्हणाली.

हासिंता नवरीच्या झग्यातच खाली बसली. तिने फोड घेतली, मीठ घेतलं आणि मला घासायला लागली. "भट्टी मी मिळवेन, आजी. आज नाही तर पाच वर्षांनी. काळं नाणं मात्र घेणार नाही."

तिचा अंगठा अजून नवखा आहे, जरा जोरात लागतो.

प्रत ठरवणाऱ्यांनो, मला डबीत कोंडायच्या आधी एवढं सांगा: माझ्यावरचा खरा डाग कोणता? तुम्हाला ठरवता येईना तर राहू द्या. मलाही येत नाही. चर्चची घंटा वाजतेय, आणि मी पुन्हा ओंजळीत निघालोय.