शंभरावर पाच वाढीव

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण चौऱ्याहत्तर साली भिवंडीजवळच्या कामतघरच्या एका मागाच्या कारखान्यानं मुंबईच्या कॉम्प्युटरला मात दिली. धोंडूबाई, हसू नका. भाजीची पाटी खाली ठेवा आणि ऐका.

तिथलाच तुळशीराम अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत होता. भिवंडीत एक माग वाढला, तर सूत, कांजी, गाड्या, खानावळी मिळून किती हातांना काम लागतं, एवढंच त्याला काढायचं होतं. त्याची झाली चोवीस समीकरणं. ती सोडवायला मुंबईच्या कॉम्प्युटरवर अर्धा तास मिळाला, तोही चार महिने खेटे घालून. नेमका त्याच सकाळी कशेळीच्या पुलावर टेम्पो कलंडला आणि समीकरणं भरलेली, भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी खाडीत गेली. प्रबंध परवा द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा कोण वाढवतो!

पेटीमागं उडी टाकलेला तुळशीराम चिखलानं माखून कामतघरला परतला. वीज गेलेली, माग बंद, चोवीस कारागीर बिड्या फुंकत बसलेले. त्यानं त्यांच्यातल्या महादूपुढं हातच जोडले.

"महादूदादा, एकेक समीकरण एकेकानं घ्या. शेजाऱ्यांचे आकडे बघायचे, आपला नव्यानं काढायचा, खडूनं मागावर लिहायचा. असं फिरत राहायचं. आकडे हलायचे थांबले की तेच उत्तर."

"आन् थांबले न्हाय तर?"

"तर मी संपलो."

खडू फिरू लागला. आकडे वाढले. मग आणखी वाढले. दहाव्या फेरीला एका मागापायी अख्खा ठाणे जिल्हा कामाला लागला, अकराव्या फेरीत लंकासुद्धा. तुळशीरामनं खांबावर डोकं आपटून घेतलं. समीकरणं तर बरोबर होती. मग त्यानं महादूच्या मागावरचा आकडा स्वतः काढून पाहिला.

"महादूदादा, इथं साठ हवेत. त्रेसष्ट कसे?"

"अरे, तागा मोजताना शेठ शंभराला पाच मीटर कापतोच. म्हून आमी आधीच वाढवून सांगतो. हाताला सवय हाय."

"मी शेठ हाय का? मी काय बी कापणार न्हाय!" तो रडकुंडीला आला.

वाढीव पाच गेले आणि तासाभरात आकडे हिंदकळत हिंदकळत जागेवर बसले. कारागिरांनी टाळ्या पिटल्या. तुळशीराम मात्र भिंतीला टेकून खाली घसरला. समीकरणांत घातलेले आकडे त्यानं तीन वर्षं दारोदार हिंडून याच तोंडांतून ऐकले होते.

"दादा, तवा मलाबी वाढवूनच सांगितलंत?"

महादूनं हाताचा खडू झटकला. "तू कागद घेऊन आलावतास, बाबा. कागदवाला बी कापतोच."

पण गडी खचला नाही! तेच उत्तर नेलं, मागाहून नवी कार्डं पाडून पाहिलं तर कॉम्प्युटरशी दशांशापर्यंत जुळलं, आणि तुळशीराम डॉक्टर होऊन दिल्लीत मोठ्या खुर्चीवर जाऊन बसला...

"बसला कसला!" धोंडूबाईनं पाटी उचलली. "जकात नाक्यावर पावत्या फाडतोय तुमचा तुळशीराम. कालच माझी मेथी अडवली मेल्यानं. खरं सांगा तात्या, आम्ही कापणार म्हणून किती वाढवलंत?"