फक्त माझ्या मशीनवर बुधवार

माझे सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोनदा उपाशीपोटी हॉस्पिटलात गेले आणि दोन्ही वेळा तसेच परत आले. दोन्ही वेळा हॉस्पिटलच्या ॲपने त्यांना एक दिवस आधी बोलावलं होतं, आणि ते ॲप आमची कंपनी बनवते. घरात हा तपशील सगळ्यांना माहीत होता. शेजाऱ्यांनाही झाला होता, कारण सासऱ्यांचा डावा डोळा अधू झाला असला तरी आवाज शाबूत होता.

"खरी तारीख उद्याची आहे, उद्या परत जाऊ," असं मी दोन्ही वेळा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी रागाने भरपेट न्याहारी केली आणि विषय संपवला.

आता तिसरी तारीख होती. ॲप म्हणत होतं मंगळवार, मी म्हणत होतो बुधवार. मंगळवारी सकाळी मी ऑफिसात टेकतो न टेकतो तोच फोन आला.

"जावईबापू, तुमचं ॲप म्हणतंय आज, तुम्ही म्हणताय उद्या. कोणाचं ऐकू?"

"माझं, बाबा."

"ॲप कोणी केलंय?"

"आम्हीच."

"म्हणजे वादी तुम्ही, प्रतिवादीही तुम्हीच. हे बघा, संध्याकाळपर्यंत पडद्यावर बुधवार दिसला तर उद्या उपाशी राहीन. नाही दिसला तर एका डोळ्यावर भागवीन. तसंही बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही."

मग बायकोचा आवाज आला. "ते थट्टा करत नाहीयेत. डॉक्टर म्हणालेत, फार पिकलाय, आणखी लांबवलं तर डोळाच जाईल. हॉस्पिटलला फोन केला तर म्हणतात, ॲपमध्ये बघा. एक तारीखच तर बदलायचीय ना तुला?"

एक तारीखच तर बदलायची होती. पण तारीख ॲपमध्ये नसते. ती तयार करायचं काम एका वेगळ्या पॅकेजकडे आहे आणि ते पॅकेज माझ्याकडे आहे. ऑपरेशनला वेळ दिलेली नसली की ते मध्यरात्र धरतं, त्यातून पेशंटने आधी येण्यासाठीचे काही तास वजा करतं आणि आदल्या दिवशी जाऊन पडतं. चूक एका ओळीची. मात्र ॲप माझं फोल्डर वाचत नाही. कंपनीच्या कोठारातून पॅकेजची तयार प्रत उचलतं. कोठारात नवी प्रत ठेवायची तर आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमची मंजुरी लागते. तोवर आपला बदल आपल्या मशीनवर तपासायचा असेल तर लिंक करायचं, म्हणजे ॲपला सांगायचं की बाबा रे, कोठारात जाऊ नकोस, हे शेजारचं फोल्डर वाच. त्याला एक आज्ञा पुरते. पोस्टाने पत्र धाडण्याऐवजी भिंतीवर टकटक करण्यासारखं आहे ते.

मी ओळ दुरुस्त केली. लिंक केलं. ॲप चालवलं. मंगळवार.

पुन्हा लिंक केलं. मंगळवार.

मग तारखेच्या जागी मी मुद्दाम 'गाढव' असा शब्द लिहिला. आपला बदल ॲपपर्यंत पोचतोय की नाही हे पाहायची ही जुनी युक्ती आहे. पडद्यावर मंगळवार आला. याचा अर्थ गाढव दुसरीकडे होतं.

शेजारच्या टेबलावर ज्याला आम्ही वैद्यबुवा म्हणतो तो बसतो. प्रिंटर अडको, मेल न जावो, त्याच्याकडे औषध एकच.

"सगळं पुन्हा इन्स्टॉल केलंस का?"

"केलं."

"परत कर. पहिल्या डोसाने गुण येत नाही कधी कधी."

ऑफिसचा नियमही तोच आहे. ॲप चालवण्याआधी दर वेळी इन्स्टॉल करायचं. मॅडमनी तो मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलाय, आणि आमचे हात आता विचारल्याशिवाय ती आज्ञा टाइप करतात. मी लिंक करत होतो, इन्स्टॉल करत होतो, चालवत होतो. जेवणाची सुट्टी गेली. बायकोचे तीन फोन येऊन गेले. चौथा मी उचलला नाही, कारण सांगायला मंगळवारच होता.

चार वाजता मी ॲपचं फोल्डर उघडं ठेवून आज्ञा दिल्या. लिंक करताच पॅकेजच्या चित्रावर एक छोटा बाण आला. तोच तो जोड. मग हातांनी सवयीने इन्स्टॉल केलं आणि माझ्या डोळ्यांदेखत बाण गेला. इन्स्टॉलला तिथे परकं काहीतरी दिसलं. त्याने ते उपटून टाकलं आणि कोठारातली जुनी प्रत इमानेइतबारे जागेवर ठेवली. मी दिवसभर जोडत होतो आणि मीच तोडत होतो. औषधच रोग होतं.

इन्स्टॉल न करता ॲप चालवलं. पडद्यावर 'गाढव'. स्वतःला असं समोरासमोर पाहून मला इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. शब्द काढला, तारीख परत आणली. बुधवार!

मी मॅडमकडे धावलो. "ही प्रत आजच्या आज कोठारात जायला हवी."

त्यांनी आपल्या मशीनवर पाहिलं. "इथे तर मंगळवार दिसतोय."

"लिंक फक्त माझ्या मशीनवर आहे."

"मग दुरुस्त कुठे झालंय? गुरुवारच्या मीटिंगमध्ये घेऊ."

"मॅडम, सासऱ्यांचं ऑपरेशन बुधवारी आहे."

"कशावरून? ॲपमध्ये तर मंगळवार आहे."

मी लॅपटॉप काखेत मारून घरी आलो. सासऱ्यांनी उजवा डोळा पडद्याला टेकवून वाचलं, "बुधवार." मग खिशातून फोन काढला. "आणि यात मंगळवारच."

"बाबा, पडद्यावर दिसला पाहिजे, एवढंच ठरलं होतं. कोणत्या पडद्यावर, ते ठरलं नव्हतं."

बायकोने कपाळाला हात लावला. पण सासऱ्यांची हयात कोर्टात कारकुनी करण्यात गेलेली.

"मुद्दा ग्राह्य आहे," ते म्हणाले. "पण पुरावा उद्या बरोबर घ्यायचा. आणि तोवर तो बंद करायचा नाही."

बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर एका बाजूला उपाशी सासरे, दुसऱ्या बाजूला बायको आणि मधे मी, मांडीवर उघडा लॅपटॉप घेऊन. काउंटरवरच्या बाईंनी आपला पडदा पाहिला.

"तुमची तारीख काल होती. आला नाहीत तुम्ही."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "यात बुधवार आहे. हे दुरुस्त केलेलं ॲप आहे."

"मग आमच्याकडे का नाही?"

"गुरुवारी मीटिंग आहे."

सासरे उठून दाराकडे चालायला लागले होते. "चला. कोपऱ्यावर न्याहारी चांगली मिळते."

"बाबा, थांबा ना!" बायको रडकुंडीला आली.

तेवढ्यात आतून एक सिस्टर बाहेर आल्या. हातात कोपरे दुमडलेली वही. "डावा डोळा, मोतीबिंदू, कोर्टातले आजोबा? आत चला. काही खाल्लं नाहीये ना?"

"पण ॲपमध्ये..." मी म्हटलं.

"ॲप कोण बघतंय! आम्ही महिनाभर वहीतच लिहितोय."

"मग फोन केला की ॲपमध्ये बघा, असं का सांगता?"

"तसं सांगायचा नियम आहे," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी वहीत वाकून आपलं नाव आणि बुधवार दोन्ही वाचले, मान डोलावली आणि सिस्टरच्या मागोमाग निमूट आत गेले. बायको त्यांच्याबरोबर गेली. मी लॅपटॉप मिटला.

शेजारी एक आजी येऊन बसल्या, फोन हातभर लांब धरून. "काल येऊन गेले हो, उपाशी. आज परत. हे ॲप बनवतं तरी कोण?"

"काय माहीत," मी म्हटलं. "मी पेशंटबरोबर आलोय."