डावीकडे कोण, उजवीकडे कोण

"बाळाचं छान चाललंय," तराजूच्या झोळीतून बाळाला अलगद उचलून तिच्या हातात देत नर्सबाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र एकट्या पडू नका हं. एकटं पडलेलं माणूस आधी बोलायचं थांबतं आणि मग मदत मागायचं. मी बघितलंय."

"हो, हो," ती म्हणाली. तिची नजर नर्सबाईंच्या खांद्यावरून पलीकडे, जेवणाच्या टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपवर होती. पडद्यावर विमानाच्या पोटाचा नकाशा होता, आणि त्यातला एक निळा चौकोन आत्ता तिच्या डोळ्यांदेखत करडा झाला होता. निळी म्हणजे रिकामी सीट. करडी म्हणजे गेली.

"दिवसातून एकदा तरी मोठ्या माणसाशी..."

"व्हिटॅमिनचे थेंब रोज सकाळीच द्यायचे ना?" तिने विचारलं.

नर्सबाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं, "सकाळीच" म्हणाल्या, तराजूची घडी घातली आणि पुढच्या घरी निघून गेल्या. दार लागायच्या आत ती बाळाला खांद्यावर टाकून टेबलाशी आली होती.

तिच्याकडे परदेशात यायला बाबा पहिल्यांदाच विमानात बसणार होते. अडुसष्टाव्या वर्षी, एकटे, सलग तेरा तास. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले. चाळीस वर्षं सलून चालवलं आणि त्या चाळीस वर्षांनी त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांचं जाळं विणून ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की एका जागी फार वेळ बसू नका, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. बाबांनी ते फोनवर हसत हसत सांगितलं होतं, आणि त्याच सुरात पुढे म्हणाले होते, "हे बघ ठमे, जमलं तर येत जाईन. नाही जमलं तर हा पहिला आणि शेवटचा. मग तूच नातवाला घेऊन ये, मोठा झाला की."

तो "शेवटचा" तिच्या डोक्यात घर करून बसला होता. प्रवास सुखाचा झाला तर बाबा पुन्हा येतील. पाय आखडले, अंग आंबलं, जीव घाबरला, तर नाही. म्हणजे सगळं एका सीटवर येऊन ठेपलं होतं. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

तिने अभ्यास आरंभला. कॉलेजातही इतका मन लावून केला नव्हता. शेवटची रांग नको, तिथे खुर्चीची पाठ मागे जात नाही आणि संडासाची दारं सारखी आपटत राहतात. आपत्कालीन दाराजवळची नको, तिथे धडधाकट माणसं बसवतात. अगदी पुढची, भिंतीसमोरची तर मुळीच नको, तिथे तान्ही मुलं असतात, आणि तान्हं मूल तेरा तास काय करू शकतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. खिडकी नको, उठायचं तर दोघांना ओलांडावं लागतं. राहिली वाटेकडची. पण वाटेकडच्याही सगळ्या सारख्या नव्हत्या. मागच्या बाजूला, जिथे खिडकीची सीट गेलेली आहे पण मधली अजून रिकामी आहे, अशी रांग हेरायची. मधली आपण होऊन कुणीच घेत नाही. विमान भरलं नाही तर ती तशीच राहते. शेजारी कुणी नसलं की पाय पसरता येतात, कुणाचं कोपर लागत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही.

"अगं, तू सीट निवडतेयस की जावई?" नवऱ्याने फोनवर विचारलं. तो पुलांच्या तपासणीच्या कामावर होता. आठवड्यातले पाच दिवस कुठल्या ना कुठल्या पुलाखाली लोंबकळत असायचा.

"जावई निवडताना बाबांनी एवढं बघितलं असतं, तर बरं झालं असतं."

"ऐकू आलं नाही हं. इथे वारा आहे."

दोन रात्री विचार करून, जादा पैसे भरून तिने एकतीस सी घेतली. त्यानंतर दिवसातून तीन-चार वेळा, बाळाला दूध पाजताना एका हाताने, ती नकाशा उघडून बघायची. एकतीस बी निळी होती. उद्याही निळी. परवाही निळी. प्रत्येक वेळी तिला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटायचं.

निघायच्या दिवशी बाबांचा फोन आला तेव्हा इथे नुकतं उजाडलं होतं.

"बसलो बरं का आत. आता फोन बंद करायला सांगतायत."

"बाबा, ते घट्ट मोजे घातलेत ना? आणि दर तासाला उठायचं. पाणी पीत राहायचं. सीट बरोबर मिळाली?"

"सीट? एकदम मनासारखी. राजासारखा बसलोय. ठेवतो गं."

तिने समाधानाने फोन ठेवला. बाळाचा लंगोट बदलला, बाटल्या उकळायला टाकल्या, आणि निव्वळ सवयीने, झालेल्या पेपरातलं उत्तर पुन्हा ताडून बघावं तसं, बाबांचं तिकीट उघडलं.

त्यावर एकतीस सी नव्हतं. अडतीस ई होतं.

अडतीस ई कुठे येते हे तिला नकाशा न बघता माहीत होतं, तरी तिने बघितला. मधल्या ओळीतल्या तीन सीटांपैकी मधली. डावीकडे करडा, उजवीकडे करडा. विमानातली सगळ्यात वाईट सीट कोणती, असं कुणी विचारलं असतं तर तिने जिथे बोट ठेवलं असतं, नेमकी ती.

कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पलीकडे बोटं कळफलकावर चालल्याचा आवाज येत होता.

"मॅडम, सीट प्रवाशाने स्वतः बदलून घेतली आहे. काउंटरवर."

"त्यांना फसवलं असेल कुणीतरी. कुणाला तरी कुटुंबासोबत बसायचं असेल, आणि हे भिडस्त. माझ्या वडिलांना नाही म्हणता येत नाही हो."

"नोंद अशी आहे की प्रवाशाने मधली सीट मागितली."

"मधली सीट कोण मागतं?"

पलीकडे बोटं थांबली.

"खरं सांगू? अकरा वर्षं झाली मला इथे," बाई म्हणाल्या, "मी तरी ऐकलेलं नाही."

विमान केव्हाच उडालं होतं. आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, आणि जेव्हा करण्यासारखं काही नसतं तेव्हा ती कपाटं आवरते. त्या दिवशी तिने तिन्ही कपाटं आवरली. दर तासाला घड्याळ बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, उठा बाबा, आता उठा. बाळ तिच्या कडेवरून सगळा कारभार गंभीरपणे बघत होतं.

संध्याकाळी विमानतळावर, बाळाला छातीशी बांधून, ती कठड्याला चिकटून उभी राहिली. दारातून माणसं बाहेर येत होती. चुरगळलेली, लाल डोळ्यांची, आपलं माणूस शोधणारी. तिची नजर चाकाच्या खुर्च्यांकडे होती. तिसरी खुर्ची येऊन गेली, चौथी गेली. आणि त्यामागून बाबा आले, चालत, चांगले ताठ. एका बाजूला पाठीवर सॅक लावलेली उंच मुलगी, दुसऱ्या बाजूला दांडगा, पन्नाशीचा गडी. ट्रॉली तो ढकलत होता, आणि बाबा हात हलवत त्याला काहीतरी समजावत होते.

"ही बघा, ही माझी ठमी," बाबा म्हणाले. "आणि हे आमचे सरकार." त्यांनी वाकून बाळाचा पंजा हातात घेतला. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाले, "अगं, ही दातांची डॉक्टर होतेय. शेवटच्या वर्षाला आहे. आणि हे क्रेन चालवतात, वीस मजले उंच. एकटेच असतात दिवसभर तिथे वर."

"काकांनी आम्हाला झोपू दिलं नाही," मुलगी म्हणाली, पण ती हसत होती.

"आणि माझ्या डोक्याला दोन भोवरे आहेत म्हणे," क्रेनवाला आपल्या ताठ उभ्या केसांवरून हात फिरवत म्हणाला. "पन्नास वर्षांत एकाने सांगितलं नाही. मी आपला पाणी लावून बसवतोय रोज."

निरोप झाले, फोननंबर दिले-घेतले गेले. टॅक्सीत बसल्यावर तिने पहिल्यांदा बाबांची पँट वर सरकवून घट्ट मोजे खाली ओढले. सूज नव्हती. नेहमीचे पाय होते, निळ्या शिरांचे.

"अकरा वेळा उठलो," बाबा म्हणाले. "मोजून. तिला जायचं झालं की ती म्हणायची, काका, तुम्हीही चला. त्याला जायचं झालं की तो म्हणायचा. शिरांचं सांगून ठेवलं होतं दोघांना. तू दिलेल्या सीटवर बसलो असतो ना, तर घोरत पडलो असतो, कोण उठवणार?"

"पण बाबा, मी एवढी शोधून..."

"माहितीय गं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, काका, तुमच्या शेजारी कुणीच नाही, आरामात जाल. मला धडकीच भरली. तेरा तास?" त्यांनी बाहेर बघितलं. "सलूनमध्ये आपल्या तीन खुर्च्या. कोपऱ्यातल्या दोन कारागिरांच्या, मधली माझी. का? तर डावीकडचं ऐकू येतं, उजवीकडचं ऐकू येतं, आणि आपल्याही हातात एक डोकं असतंच. तुझी आई गेल्यावर लोक म्हणाले, आता सलून सोडा, घरी बसा. बसलो असतो, तर मला वाटतं लवकरच गेलो असतो तिच्यामागे."

बाळाने बाबांचं बोट धरून तोंडाकडे नेलं.

"पुढच्या वेळी मात्र पैसे भरून सीट घेऊ नकोस," बाबा म्हणाले. "मधल्या फुकट असतात."

तिने मान वळवून खिडकीकडे केली. पुढच्या वेळी, असं ते म्हणाले होते. रस्त्यावरचे दिवे एकामागून एक येत होते आणि तिला उगाचच हसू येत होतं.

चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. छोटासा चौक, त्यात तीन दारं, मधलं त्यांचं. ती बॅगेत किल्ली शोधत होती. बाबा पायपुसण्यावर बूट पुसत उभे होते. बूट पुसून झाले तरी किल्ली सापडली नव्हती.

"डावीकडे कोण राहतं?" त्यांनी सहज विचारलं.

"एक बाई आहे बहुतेक. दाराबाहेर सायकल असते कधीकधी."

"आणि इकडे?"

"कुणीतरी आहे. खोकल्याचा आवाज येतो."

"किती वर्षं झाली गं तुम्हाला इथे?"

"दोन होतील," ती म्हणाली. किल्ली हाताला लागली होती, पण तिने ती बाहेर काढली नाही.

बाबांनी डावीकडच्या दाराकडे बघितलं, उजवीकडच्या दाराकडे बघितलं, आणि सलूनमध्ये गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकावेत तशी तिच्या खांद्यावरची दुधाची वाळलेली पापडी बोटाने हलकेच झटकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. बाबा सोफ्यावर आडवे झाले होते आणि त्यांच्या छातीवर पालथं पडून बाळ झोपलं होतं. दोघांचाही श्वास एकाच लयीत वरखाली होत होता. महिन्याभराने बाबा जातील. मग पुन्हा पाच दिवस ती आणि बाळ. न्हाणीघरातली फरशी ओली असते. गॅस असतो. तिला चक्कर आली होती एकदा, फेब्रुवारीत. ती भिंतीला धरून खाली बसली होती आणि उठून भांडी घासायला लागली होती. ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं होतं.

तिने वहीतली दोन पानं फाडली. एक चिठ्ठी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मग तीच दुसऱ्या पानावर उतरवली. अनवाणीच बाहेर गेली आणि एक सायकलवाल्या दाराखालून सरकवली, एक खोकल्याच्या. उजवीकडची अर्धी आत गेली आणि अडली. ती बोटाने ढकलणार, तोच आतून कुणीतरी चिठ्ठी ओढून घेतली. ती तिथेच उकिडवी बसून राहिली, दाराला तोंड करून.

'नमस्कार. मी शेजारच्या घरात राहते. आधीच भेटायला हवं होतं. बाळाच्या रडण्याचा तुम्हाला त्रास होत असेल, त्याबद्दल माफ करा. सध्या माझे वडील आले आहेत, महिनाभर आहेत, आणि त्यांना गप्पा मारायला फार आवडतात, केव्हाही या. ते गेल्यावर आठवड्यातले बरेच दिवस घरात मी आणि बाळ दोघंच असतो. बाळ रडलं तर काळजी करू नका. पण एखाद्या दिवशी फार रडत राहिलं आणि थांबलंच नाही, किंवा त्याचा आवाजच आला नाही, तर तेवढं एकदा दार वाजवून माझ्याकडे बघून जाल का?'